उस्तादांची लाल रेघ

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. मी रागावलेली आहे. परंतु दिलेले आशीर्वाद रागाच्या भरात परत घेण्याची माझी रीत नाही, तेव्हा ते पोहोचले असे समज.

फोन तू दोनदा आपटलास, म्हणून हे पत्र. कागदावर माणसाला ओरडता येत नाही आणि समोरच्याचे वाक्य अर्ध्यात तोडताही येत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात मी जन्मभर हीच शिस्त मुलांना लावू पाहिली. सख्ख्या भावाला ती लावायची राहून गेली, हे आता ध्यानात येते आहे.

तुझी मुलगी, आपली बारकी, माझ्या मागच्या खोलीत राहते आहे. एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, थोडे दिवस." पंखा, मिक्सर आणि पुढच्या दाराचे कुलूप तिने कोणी न सांगता दुरुस्त केले. आता घरात बिघडलेले काही उरलेले नाही आणि ती माझ्याकडे पाहू लागली आहे.

तिच्याकडून काढता आले ते असे. तुझ्या उस्तादांची ती जुनी दोन सिलिंडरची मोटरसायकल तू नवे पिस्टन घालून पुन्हा उभी केलीस. नवे पिस्टन अंगवळणी पडेपर्यंत इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर न्यायचे नाही, असे तू बजावले होतेस. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या तबकडीवर चार हजारापाशी उस्तादांनी स्वतःच्या हाताने मारलेली लाल रेघ आहे, आणि काटा रेघेच्या पुढे जाता कामा नये, हा तुझ्या गॅरेजचा कायदा. बारकी ती मोटरसायकल घेऊन हायवेला गेली. इंजिन जाम झाले. गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. ती म्हणाली, काटा रेघेच्या पुढे गेला नव्हता. तू तिला सगळ्या कामगारांदेखत 'खोटारडी' म्हणालास आणि गॅरेजची किल्ली तिच्या हातातून काढून घेतलीस.

काटा रेघेच्या अलीकडे असूनही इंजिन जाम झाले, हे तुला अशक्य वाटते. मला वाटत नाही. मुलगी खोटे बोलत असेल, हा त्याचा एक अर्थ. काटा खोटे बोलत असेल, हा दुसरा. तू पहिला अर्थ उचललास आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नाहीस. माणसाला खोटे ठरवण्याआधी यंत्र तपासावे, एवढे तरी एका मेकॅनिकला मी सांगायला नको होते.

ताई

९ मार्च

ताई,

कागदावर ओरडता येत नाही असं कोणी सांगितलं तुला? मी हे ओरडतच लिहितोय. तुझ्या वहिनीने तुझं पत्र दोन वेळा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा मी उठून गेलो.

तू गाडीवर कधी मागे बसलीस का? बसलीस. एकदा. आणि उतरल्यावर म्हणालीस, "हे वाहन तत्त्वतः उभं राहू शकत नाही." आता तू मला इंजिन शिकवणार.

ऐक. ते इंजिन मी उघडून पाहिलं. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे आहेत. तापून फुगला आणि सिलिंडरला चिकटला. हे चार हजारावर चालवून होत नाही. तेल होतं, पेट्रोलचं मिश्रण बरोबर होतं, ठिणगीचं टायमिंग मी स्वतः लावलं होतं. उरतं एकच. पळवली. तरुण हात आहे, रस्ता मोकळा मिळाला, पळवली. एवढं कबूल केलं असतं तर मी एक शिवी दिली असती आणि दुसऱ्या दिवशी नवा पिस्टन मागवला असता. पण नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणते, "बाबा, काटा रेघेच्या पुढे गेला नाही."

ती गाडी उस्तादांची. त्यांच्या हाताखाली मी बोल्ट पुसायला लागलो तेव्हा मी तिच्यापेक्षाही लहान होतो. त्यांनी ती रेघ मारली तेव्हा ब्रश मी धरला होता. त्या रेघेबद्दल खोटं बोलायचं म्हणजे कोणाशी खोटं बोलायचं?

तिला द्यायचं ठरवलेलं गॅरेज पुढच्या महिन्यापासून मी थोरल्या मिस्त्रीच्या हातात देतोय. कागद तयार करायला सांगितलाय. तिला सांग, तिच्या खोलीतली हत्यारं टेम्पोने पाठवून देतो.

तू काटा तपास म्हणतेस. काटा मी तपासला नसेन असं वाटतं तुला? त्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेलं आहे, चारास एक. म्हणजे इंजिनाचे चार फेरे झाले की मीटरची केबल एकदा फिरते. गाडीच्या इंजिनातला गिअरही चारास एक. जुळतंय. पुढे बोलायचं नाही.

धाकटा

१४ मार्च

धाकट्या,

'पुढे बोलायचं नाही' हे वाक्य युक्तिवादाचा शेवट नसते. ते युक्तिवाद संपल्याची जाहिरात असते. मी पुढे बोलणार आहे.

तबकडीवर काय छापले आहे हे तू तपासलेस. मीटर काय दाखवतो हे तपासले नाहीस. एखाद्या डब्यावर 'साखर' लिहिलेले वाचणे आणि चिमूटभर जिभेवर ठेवणे, यांत जो फरक आहे तोच हा.

म्हणून मी दुसरा साक्षीदार शोधला. गाडीवर वेग दाखवणारा मीटर निराळा असतो, त्याची केबल निराळी असते. बारकीला मी विचारले, काटा चार हजाराच्या रेघेला टेकला होता तेव्हा वेगाचा काटा कुठे होता?  ती म्हणाली, "शंभरच्या आसपास." तुझ्या त्या गाडीचे गिअर आणि चाकाचा घेर मी तिच्याकडून काढून घेतले. टॉप गिअरमध्ये चार हजार फेऱ्यांना ती गाडी ताशी पंच्याहत्तरच्या जवळपास धावायला हवी. शंभर नव्हे. शंभराच्या वेगाला इंजिन सव्वापाच हजारांच्या वर फिरत असणार. म्हणजे काटा प्रत्यक्षापेक्षा एक चतुर्थांश कमी दाखवत होता.

हिशेब सोबत जोडलेला नाही. तुला तो येतो. न आल्यास वहिनीला विचार.

ताई

१९ मार्च

ताई,

हिशेब येतो. आणि तू इतकी शिकलेली असून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, तेही दिसलं.

शंभर कोणी सांगितलं? तिनेच. चार हजार कोणी सांगितलं? तिनेच. एकाच तोंडातून निघालेल्या दोन गोष्टींना तू दोन साक्षीदार म्हणतेस. वर्गातल्या पोरांनी हे लिहिलं असतं तर तू शून्य दिलं असतंस.

आणि समजा खरं. समजा वेगाचा काटा शंभरवर होता. मग तर सगळंच संपलं! दहा वर्षं माझ्या गॅरेजात काढलेल्या मुलीला कळत नाही की नव्या पिस्टनवर ही गाडी शंभरने पळवायची नसते? म्हणजे तिला माहीत होतं. म्हणजे तिने जाणूनबुजून केलं. तुझा हिशेब तिला सोडवत नाही, फासावर चढवतो.

केबल घसरत असेल असं म्हणशील. केबल घसरली की काटा थरथरतो, उड्या मारतो. हा काटा शांत होता, तीच म्हणाली. घड्याळवाल्याकडून मीटर नुकताच आला होता. त्याने आतून साफ केला, उस्तादांच्या तबकडीला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. मी दहादा सांगितलं होतं, बाकी काहीही कर, ती तबकडी आणि ती रेघ तशीच राहिली पाहिजे. तशीच आहे.

थोरला मिस्त्री पहिल्या तारखेपासून मालक.

धाकटा

२३ मार्च

धाकट्या,

तुझा पहिला आक्षेप बिनतोड आहे. एका तोंडाचे दोन जबाब हा एकच जबाब. मी शून्य घेतले.

दुसरा आक्षेपही मी गंभीरपणे घेतला आणि तो बारकीसमोर ठेवला: शंभराचा काटा दिसत होता तर गाडी हळू का केली नाहीस? ती गप्प बसली. मी पुन्हा विचारले. ती उठून अंगणात गेली आणि माझ्या नळाला वॉशर घालू लागली, जो मुळात गळत नव्हता. तिच्या या गप्प बसण्याचा मला राग आला आहे. त्याचा अर्थ काय, हे मी आज सांगणार नाही, कारण मला तो ठाऊक नाही. ठाऊक नसताना अर्थ लावणे हे तुझे खाते.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. 'बाकी काहीही कर, ती तबकडी तशीच राहिली पाहिजे.' तू घड्याळवाल्याला नेमकी काय मुभा दिलीस, ते पुन्हा वाच. उस्तादांनी रेघ मारली ती तबकडीवर. तबकडी म्हणजे मीटर नव्हे. ती मीटरचा चेहरा आहे. काटा फिरवणारी चकती, चुंबक, बारीक स्प्रिंग, हे सगळे चेहऱ्यामागे असते. जुने आतले सामान झिजलेले असेल आणि दुसऱ्या एखाद्या गाडीच्या मीटरचे चांगले सामान घड्याळवाल्याच्या हाताशी असेल, तर ग्राहकाने 'बाकी काहीही कर' म्हटल्यावर त्याने काय केले असेल? तू छापील अक्षरे वाचून गिअर जुळवलास. ती अक्षरे दुसऱ्याच यंत्राबद्दल बोलत असतील, तर?

हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पुरावा तुझ्या गॅरेजात आहे. इंजिन जाम असले तरी मीटर काढता येतो. तुझ्याकडे लोखंड कातायचा लेथ आहे, त्याचे फेरे ठरलेले आहेत. मीटरची केबल लेथला जोड. लेथ मिनिटाला पाचशे फेरे फिरला, तर चारास एकच्या मीटरने दोन हजार दाखवायला हवेत. यात बारकीचे तोंड कुठेही येत नाही. साक्षीदार फक्त तू आणि लोखंड.

करायला भीती वाटत असेल तर तसे लिही. मी समजून घेईन.

ताई

२ एप्रिल

ताई,

भीती! हा शब्द तू मुद्दाम घातलास. लहानपणी विहिरीच्या काठावर उभी राहून असंच म्हणायचीस आणि मी उडी मारायचो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फाडलं. मग वहिनीने तुकडे जुळवले. वहिनी हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलते.

काल मीटर काढला. केबल लेथला लावली. पहिल्यांदा काटा हललाच नाही, खुंटीला चिकटून बसला. मी म्हटलं, झालं, ताईचा तर्क मेला. मग ध्यानात आलं, लेथ उलट फिरतोय. हे तुझ्या पुस्तकात नसणार. लेथ सुलट केला.

पाचशे फेऱ्यांना पंधराशे. हजाराला तीन हजार. पुन्हा लावलं. पंधराशे. तीन हजार. काटा शांत, एक थरथर नाही. इतका सज्जनपणे खोटं बोलणारा काटा मी बघितला नव्हता.

मीटर उघडला. आतलं सामान तिनास एकच्या मीटरचं. तबकडी चारास एकची. घड्याळवाल्याच्या दुकानात गेलो, काउंटरवर मीटर आपटला. तो म्हणतो, "साहेब, तुमचं जुनं सामान गंजून गेलं होतं. तुम्हीच म्हणालात चेहरा हलवू नको. चेहरा नाही हलवला." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची बायको आतून बाहेर आली.

तेव्हा मीटर खोटा. मान्य. लिहून देतो. जिंकलीस तू.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. गॅरेजात वाढलेल्या मुलीला मीटर कशाला लागतो? कान नाहीत? इंजिन सव्वापाच हजारावर किंचाळत असताना ही काट्याकडे बघत बसली! मी तिला काय शिकवलं दहा वर्षं? खोटारडी नाही, बरं. बहिरी आहे. बहिरीच्या हातात मी गॅरेज कसं देऊ?

मिस्त्रीच्या कागदावर सही अजून व्हायचीय. पण होईल.

धाकटा

६ एप्रिल

बाबा,

हे पत्र आत्याने लिहायला लावलेलं नाही. तुमचं पत्र तिने मला वाचायला दिलं आणि पहिल्यांदाच मला तिच्यावर आवाज चढवावा लागला, कारण ती म्हणत होती, "शांतपणे लिही." मी शांतपणे लिहिणार नाही.

बहिरी?

गाडीवर पहिला राउंड मारून मी गॅरेजच्या दारात परत आले. इंजिन चालूच होतं. थोरले मिस्त्री आणि बाकीचे तिथेच होते. मी तुम्हाला म्हटलं, "बाबा, काटा तीन हजार दाखवतोय, पण आवाज चार हजाराचा आहे. मीटर कमी दाखवतोय." आठवतं? तुम्ही हातातला पाना खाली न ठेवता म्हणालात, "उस्तादांची रेघ आहे. काटा बघ. कान घरी ठेव." मी म्हटलं, वेगाचा काटाही जास्त दाखवतोय. तुम्ही म्हणालात, "तो स्पीडोमीटर खोटा आहे, नंतर बघू." दोन मीटर भांडत होते. तुम्ही उस्तादांच्या बाजूने निकाल दिलात.

मग मी काटा बघितला. हायवेवर पूर्ण वेळ. पायाखाली इंजिन ओरडत होतं, मांडीला चटका बसत होता, आणि मी काटा बघत होते. कारण तुम्ही सांगितलं होतं. जाम झालं तेव्हाही काटा रेघेच्या अलीकडेच होता.

आत्याने मला कितीदा विचारलं, शंभर दिसत होतं तर थांबली का नाहीस. मी बोलले नाही. तुम्हाला वाचवत होते असं समजू नका. मला माझीच लाज वाटत होती. मला ऐकू आलं, कळलं, आणि तरी मी तुमचं ऐकलं. मी मोडलं नाही तुमचं, बाबा. पाळलं. माझी चूक तेवढीच, आणि ती पुन्हा होणार नाही.

ज्यांच्यासमोर तुम्ही मला खोटारडी म्हणालात त्यांनी ते आधीचं बोलणंही ऐकलं होतं. तुम्ही विसरलात. विसरला असाल तर बरं. विसरला नसाल तर मग खोटारडं कोण, ते आत्याला विचारा. तिला असे प्रश्न आवडतात.

बारकी

१५ एप्रिल

ताई,

मला आठवत नव्हतं. हे तू मान किंवा मानू नकोस. तिचं पत्र वाचलं आणि पहिलं वाक्य तोंडातून निघालं, "हे मी बोललोच नाही." वहिनी म्हणाली, "तुम्ही असंच बोलता. रोज." आणि पत्र माझ्या हातात परत ठेवून आत गेली.

मग मी चिडलो आणि ठरवलं, विचारायचंच. सगळ्यांना लेथभोवती बोलावलं. मीटर लावला, फिरवून दाखवला. पाचशेला पंधराशे.  मी म्हटलं, "बारकी खोटं बोलली नव्हती. मीटर खोटा होता."

थोरला मिस्त्री हात पुसत होता. म्हणाला, "ते आम्हाला माहीत होतं, मालक."

"कसं?"

"गाडी राउंडहून आली तेव्हाच आवाज ऐकला ना. तीन हजाराला ती गाडी अशी बोलत नाही."

"मग बोलला का नाहीत, मेल्यांनो?"

"बारकीताई बोलल्या," तो म्हणाला. "त्यांचं काय झालं ते बघितलं."

ताई, मी त्यांच्यावर इतका ओरडलो की शेजारचा टायरवाला बघायला आला. लाज नाही वाटली का, माझ्या मुलीला मी शिव्या देत होतो आणि तुम्ही पाने मोजत बसला होतात? सगळे मान खाली घालून उभे. ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं, हे आत्ताही बोलत नाहीयेत. मी ओरडतोय म्हणून बोलत नाहीयेत. मग मी गप्प झालो. मला दुसरं काय करायचं ते सुचेना.

मिस्त्रीला म्हटलं, कागद फाडतोय, वाईट वाटून घेऊ नकोस. तो म्हणाला, "फाडा. नोकर आहे म्हणून अजून कानाने ऐकतो. मालक झालो असतो तर मीही रोज काटाच बघत बसलो असतो." बाकीचे हसले. मीही हसलो असतो, पण राग होता.

तिला परत यायला सांग. झालं गेलं म्हणावं.

धाकटा

१८ एप्रिल

धाकट्या,

'झालं गेलं' हा शब्दप्रयोग ज्याच्या हातून झाले त्याने वापरायचा नसतो. तो अधिकार ज्याचे गेले त्याचा. मी तुझे वाक्य तिला वाचून दाखवले नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे, मला माझ्या घरात आदळआपट नको होती म्हणून.

तिलाही मी सोडलेले नाही. स्वतःच्या कानांनी ऐकलेले सत्य वडिलांच्या हुकमाखाली दाबून टाकणे ही आज्ञाधारकता नव्हे, हे मी तिला स्वच्छ शब्दांत सांगितले. ती म्हणाली, "आत्या, तू कधी बाबांच्या हाताखाली काम केलंस का?" मी केलेले नाही. 

ती येते आहे, ती गाडी उभी करण्यासाठी. त्यानंतर राहायचे की नाही हे ती ठरवील. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत देते: "इंजिन मी बांधणार. बाबांनी हात लावायचा नाही. किल्ली ज्यांच्यासमोर घेतली त्यांच्यासमोर हातात द्यायची; खिळ्याला अडकवून 'घे' म्हणायचं नाही. आणि खोटारडी म्हणाले होते तितक्याच मोठ्याने सांगायचं की मी नव्हते." शेवटची अट तू पूर्ण केलीस असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "माझ्या पाठीमागे. मला ऐकायचंय."

यातली एकही अट मला अवाजवी वाटत नाही. तुला वाटल्यास मला लिही. मी खोडून काढीन.

उस्तादांची तबकडी फेकू नकोस. चौकटीत बसवून भिंतीवर लाव. भिंतीवर ती कोणाचे नुकसान करणार नाही.

ताई

२० मे

ताई,

उशीर झाला, कारण मला माझ्याच गॅरेजात स्टुलावर बसवून ठेवलं होतं.

किल्ली दिली. हातात दिली. बोललोही, सगळ्यांसमोर, मोठ्याने. आवाज मध्येच बसला, ते सर्दीमुळे. तिने किल्ली खिशात टाकली आणि म्हणाली, "सिलिंडर आतून घासून बोअर करायला कोणाकडे पाठवलाय?" तेवढंच. माझ्याशी फक्त इंजिनाबद्दल बोलते. जेवायला घरी येते, वहिनीशी हसते, माझ्या ताटाकडे बघतही नाही. महिनाभर हे चाललंय आणि मला त्याचा प्रचंड राग येतो. मी कबूल केलं ना? अजून काय हवं?

मिस्त्री म्हणतो, मालक, नवीन पिस्टनला वेळ द्यावा लागतो. मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

काल इंजिन बांधून झालं. मीटर लावलेला नाही. त्याच्या जागी तिने पत्र्याची गोल झाकणी बसवली आहे. चालू केलं. एका किकमध्ये. ताई, कितीही राग असला तरी एका किकमध्ये लागलेलं इंजिन ऐकून माणसाच्या अंगावर काटा येतो. तिने गाडी हळूहळू गरम होऊ दिली, मग रेस केली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय ऐकू येतंय?"

मी म्हटलं, "उजव्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. ढिला आहे."

"नाही," ती म्हणाली. "टायमिंगची चेन आहे."

"टॅपेट आहे."

"चेन आहे, बाबा."

झालं. जुंपली. ती म्हणे आवाज खालून, चेनकडून येतोय, मी म्हणे वरून, टॅपेट हलवतो त्या झडपेपासून. तिने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला लावली, मीही दुसरा घेऊन तेच केलं. दोघं गाडीच्या दोन बाजूंना वाकून एकमेकांच्या अंगावर ओरडतोय. मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय मी हा आवाज. ती म्हणाली, मग आता नवीन आवाज ऐकायची सवय करा. टायरवाला पुन्हा बघायला आला. मिस्त्री पोरांना म्हणाला, चला, चहा पिऊन येऊ.

कोणी गेलं नाही. सगळ्यांना बघायचं होतं.

शेवटी गाडी बंद करून तिने वरचं झाकण उघडलं. फटीत पट्टी घालून मोजलं. टॅपेट ढिला होता. उजवा. मी म्हटलं होतं तोच.

 मला वाटलं, आता ही पाना आपटेल, किंवा म्हणेल की चेनही वाजत असणार, किंवा निघून जाईल. निदान मी तेच केलं असतं.

तिने पट्टी फटीतून काढली, पुसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा बरोबर होते. टॅपेटच आहे. माझं चुकलं." आणि पाना घेऊन घट्ट करायला लागली. जणू काही झालंच नाही. वर मला म्हणते, "उभे काय राहिलात? बॅटरीचा उजेड धरा."

किल्ली तिच्याकडेच आहे. राहणार की जाणार ते तिने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मी बॅटरी धरली. तर म्हणाली, नीट टॅपेटवर धरा.

मला इतका राग आलाय, ताई, काय सांगू. एक वाक्य. एवढंच होतं ते. मला त्यासाठी लेथ लागला, तुझी पत्रं लागली, अख्खं गॅरेज गोळा करावं लागलं. तिला ते इतकं सोपं कसं गेलं?

धाकटा